मीठ, गूळ आणि पाणी : बांगलादेशातील एका बालआरोग्य कार्यक्रमाचे नेतृत्व

विकसनशील देशांतील बालआरोग्याचे कार्यक्रम बहुधा आकड्यांत मांडले जातात. किती बालकांना लस टोचली, किती पाकिटे वाटली, किती शिबिरे भरवली, किती कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, याची कोष्टके अहवालात असतात. हे आकडे खोटे असतात असे नाही. परंतु कार्यक्रम चालवणाऱ्यांनी काय केले एवढेच त्यांतून कळते. ज्या मातेसाठी आणि बालकासाठी हा सारा खटाटोप केला, त्यांच्या पदरात काय पडले हे कळत नाही. शिक्षणक्षेत्रातील मंडळींना ही अडचण परिचित आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद आणि विद्यार्थ्याला विषय आल्याची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या दृष्टीने बांगलादेशात १९८० ते १९९० या दशकात राबवलेला एक कार्यक्रम अभ्यासण्यासारखा आहे. 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने देशातील १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत जाऊन मातांना मीठ, गूळ आणि पाणी यांचे द्रावण करायला शिकवले. वरकरणी हा आरोग्याचा कार्यक्रम होता, पण त्याचे खरे स्वरूप अध्यापनाचे होते. त्याचे नेतृत्व करणारे फजले हसन आबेद (१९३६–२०१९) हे डॉक्टर नव्हते आणि शिक्षकही नव्हते. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. हा कार्यक्रम कसा चालला, कोठे अडला आणि अडल्यावर तो चालवणाऱ्यांनी काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजार आणि त्याचा उपाय

अतिसाराने बालक दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पातळ शौचावाटे पाणी आणि मीठ झपाट्याने बाहेर पडते. डोळे खोल जातात, टाळू बसते, लघवी कमी होते, आणि वेळीच भरपाई न झाल्यास काही तासांत जीव जाऊ शकतो. शिरेतून सलाईन देणे हा यावरील जुना उपाय. पण त्यासाठी सुई, निर्जंतुक बाटली, प्रशिक्षित माणूस आणि रुग्णालय लागते. ज्या खेड्यातून रुग्णालयापर्यंत पोहोचायला अर्धा दिवस नावेने जावे लागते, तेथील बालकाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आतड्याच्या एका गुणधर्माने यातून मार्ग दाखवला. अतिसार झाला असतानाही ग्लुकोज आणि मीठ एकत्र दिल्यास आतड्याचे अस्तर ती दोन्ही सोबत शोषून घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ-पाणी दिले तर हे तितकेसे घडत नाही. पटकीसारख्या भयंकर रोगातसुद्धा शोषणाची ही वाट शाबूत राहते. ढाका येथे १९६० साली स्थापन झालेल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली पटकीच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगातून दाखवून दिले, की तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने शिरेतील सलाईनची गरज मोठ्या प्रमाणावर कमी करता येते.

प्रयोगशाळेबाहेर या उपायाची पहिली मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साधे मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपात तयार करून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या उपायाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल असे म्हटले. मराठीत या द्रावणाला 'जलसंजीवनी' हे सार्थ नाव मिळाले आहे. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

बनगावच्या अनुभवातून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली होती. हा उपाय डॉक्टरच्याच हातून व्हायला हवा असे नाही. आई, बाप, आजी कोणीही तो करू शकते. तरीही १९७० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यापाड्यांतील बहुसंख्य मातांना त्याची गंधवार्ता नव्हती. आतापर्यंतचे काम वैद्यकशास्त्राचे होते. येथून पुढचे काम शिकवण्याचे होते.

पाकीट की हातचे माप

१९८० च्या दशकात या प्रश्नाकडे जाण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग पाकिटांचा. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट (कार्यकाळ १९८०–१९९५) यांनी जलसंजीवनी, लसीकरण, स्तनपान आणि बालकाच्या वाढीची नोंद या चार सोप्या उपायांची मोहीम १९८२ पासून जगभर चालवली. ते खिशात जलसंजीवनीचे पाकीट ठेवत आणि राष्ट्रप्रमुखांच्या भेटीत ते काढून दाखवत. वरच्या स्तरावरील निर्णय, निधी आणि उत्पादन यांना गती देणारे हे नेतृत्व होते आणि त्याचे मोल मोठे आहे.

दुसरा मार्ग आबेद यांनी निवडला. सिल्हेटकडील बानियाचोंग येथे जन्मलेल्या आबेद यांनी लंडनमध्ये हिशेबशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते आणि चितगाव येथे शेल या तेल कंपनीत ते वरिष्ठ पदावर होते. १९७० चे चक्रीवादळ आणि १९७१ चे युद्ध यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. लंडनमधील आपले घर विकून त्या पैशातून त्यांनी १९७२ साली सुल्ला या दुर्गम भागात परतलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम सुरू केले. तीच ब्रॅकची सुरुवात. पुढे १९७५ साली, संस्था अजून लहान असतानाच, त्यांनी तिच्यात स्वतंत्र संशोधन आणि मूल्यमापन विभाग काढला. आपल्याच कामाची तपासणी करणारी माणसे आपल्याच संस्थेत ठेवणे ही हिशेबतपासनिसाची सवय होती, आणि पुढील सारी कथा या सवयीभोवती फिरते.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते. त्या वर्षी सुल्ला भागात प्राथमिक प्रयोग झाला. पाकिटे खेड्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि पोहोचली तरी संपली की उपाय संपत असे. मीठ आणि गूळ मात्र बहुतेक घरांत असे. म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, चार बोटांनी उचललेला मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप ठरले. यावर तज्ज्ञांची शंका गैर नव्हती. मीठ जास्त पडले तर बालकाला धोका असतो; मग निरक्षर मातेच्या चिमटीवर विसंबावे कसे? ब्रॅकने यावर वाद घातला नाही. मातांनी केलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि नीट शिकवल्यास ते सुरक्षित मर्यादेत राहते याची खात्री करून मगच पुढचे पाऊल टाकले. पाण्याच्या मापाची अडचण निराळी होती. प्रत्येक घरातील भांडे वेगळे. तेव्हा त्या घरातील नेहमीच्या भांड्यावरच अर्ध्या शेराची खूण करून देण्याची पद्धत ठेवण्यात आली.

शिकवण्यासाठी खेड्यांतील तरुण स्त्रिया निवडल्या. त्या गटाने गावात जात, दिवसाला सुमारे दहा घरे घेत आणि एकेका मातेजवळ बसून शिकवत. अतिसार म्हणजे काय, त्यात काय धोका, द्रावण कसे करावे, केव्हा आणि किती पाजावे, सोबत खाणे का थांबवू नये, अशी दहा कलमे लक्षात ठेवायची होती. पुढे ती सातांवर आणली. सांगणे संपले की मातेने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्यात द्रावण करून दाखवायचे, असा नियम होता.

पगार कशाचा ?

कार्यक्रमातील सर्वांत धाडसी निर्णय वेतनाविषयीचा होता. शिकवणाऱ्या स्त्रीला किती घरे केली यावर पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न आला. घरांच्या संख्येवर पैसे दिले तर घाई होणार हे उघड होते. म्हणून वेगळीच पद्धत बसवली. शिकवून सुमारे महिना झाल्यावर तपासनीस त्या गावात जाई. शिकवलेल्या घरांपैकी काही घरे तो चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडे. तेथील मातेला कलमे विचारी, तिच्याकडून द्रावण करून घेई आणि त्याचा नमुना तपासणीसाठी पाठवी. मातेच्या उत्तरांना आणि द्रावणाला श्रेणी मिळे आणि त्या श्रेणीवर शिकवणारीचा मेहनताना ठरे. मातेला काहीच आठवत नसेल तर त्या घराचे काही मिळत नसे.

शिक्षकांच्या दृष्टीने हा निर्णय कठोर वाटेल. विद्यार्थी नापास झाला म्हणून शिक्षकाचा पगार कापावा, असे कोणी सुचवले तर सारे महाविद्यालय उठेल, आणि ते योग्यही आहे. कारण वर्षभराच्या अभ्यासात शिक्षकाच्या हाती नसलेल्या कितीतरी गोष्टी असतात. येथे परिस्थिती वेगळी होती. विषय एकच, वेळ सुमारे अर्धा तास, विद्यार्थी एक आणि त्या विद्यार्थिनीला न आल्यास किंमत बालकाच्या जिवाची. शिवाय तपासणी एका बाजूची नव्हती. एखाद्या भागात श्रेण्या घसरल्या की कलमांची भाषा, प्रशिक्षण आणि देखरेख यांचीही उलटतपासणी होई. दहा कलमांची सात झाली ती अशाच अनुभवातून. मातेला आठवत नाही याचा दोष प्रथम मातेवर टाकायचा नाही, एवढा शिरस्ता या पद्धतीने घालून दिला.

या हिशेबाचा परिणाम शिकवण्याच्या रीतीवर झाला. मोठ्या घोळक्याला एकदम सांगण्यापेक्षा एकेकीला सांगणे, चित्रफलकापेक्षा बोटांवर कलमे मोजणे, मातेकडून उलट म्हणवून घेणे, या गोष्टी शिकवणाऱ्या स्त्रियांनी आपणहून उचलल्या. महिन्यानंतर काय उरेल हा विचार सांगतानाच मनात येऊ लागला.

माहीत आहे, पण केले जात नाही

एवढे करूनही पहिल्या काही वर्षांत संशोधन विभागाने आणलेली बातमी निराशाजनक होती. मातांना कृती येत होती, द्रावण अचूक होत होते. पण घरात बालक आजारी पडल्यावर प्रत्यक्षात ते करणाऱ्या माता फारच थोड्या होत्या. अनेक कार्यक्रमांत असा निष्कर्ष फायलीत राहतो, कारण शिकवल्याचे आकडे चांगले असतात. येथे तो केंद्रस्थानी आणला गेला आणि कारणे शोधण्यासाठी माणसे गावात राहायला पाठवली. शोधाअंती तीन मुख्य कारणे पुढे आली.

पहिले कारण शिकवणाऱ्यांच्या मनात होते. त्यांच्यापैकी अनेकींचा स्वतःचाच या उपायावर विश्वास नव्हता. घरी कोणाला त्रास झाला तर त्या गोळ्या आणत. मीठ-गूळ हे गरिबांना सांगायचे औषध, अशी भावना त्यांच्या बोलण्यातून नकळत मातेपर्यंत जात होती. यावर त्यांना केवळ पुन्हा व्याख्यान दिले नाही. अतिसाराच्या रुग्णालयात नेऊन, निपचित पडलेले रुग्ण तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने उठून बसतात हे डोळ्यांनी दाखवले.

दुसरे कारण पुरुषांचे. स्त्री शिक्षिका घरात येऊन स्त्रीशी बोले; घरातील कर्ता पुरुष बाहेर. आपल्या माघारी काय सांगितले जाते याची त्याला शंका येई, आणि औषधपाण्याचा निर्णय तर बहुधा त्याच्याच हाती. मग पुरुष कार्यकर्त्यांनी बाजारात, शाळेत आणि मशिदीत सभा घेतल्या. इमाम, शाळामास्तर आणि गावातील वैद्य-हकीम यांच्यासमोर द्रावण करून दाखवले. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून तेच सांगितले गेले. घरात ऐकलेली गोष्ट बाहेरही ऐकू येऊ लागल्यावर तिला वजन आले.

तिसरे कारण भाषेचे होते आणि भाषेच्या अध्यापकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे आहे. शिक्षिका 'डायरिया' झाला तर हे द्रावण द्या असे सांगत. पण खेड्यातील बंगाली बोलीत पातळ शौचाचे चार वेगवेगळे प्रकार मानले जात आणि प्रत्येकाला वेगळे नाव होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची पातळ शी म्हणजे 'दुध हागा', अपचनाने होणारी 'अजीर्ण', आव पडून होणारी 'आमाशा' आणि पटकीसारखी पाण्यासारखी जोरदार होणारी तेवढी 'डायरिया'. मातेने शिक्षिकेचे शब्द बरोबर ऐकले होते आणि बरोबर पाळलेही होते. तिच्या दृष्टीने तिच्या बाळाला 'डायरिया' झालाच नव्हता. उलट पाहणी करणारा सर्व प्रकार एकत्र मोजत होता, म्हणून त्याला वापर कमी दिसत होता. शिकवणारा, शिकणारी आणि तपासणारा एकच शब्द वापरत होते, पण त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा होता. हे लक्षात आल्यावर मातेच्या शब्दांत बोलणे सुरू झाले.

दशकानंतर

कार्यक्रम १९९० साली संपला. त्यानंतरच्या काही वर्षांत मुश्ताक चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली. ७० टक्क्यांहून अधिक मातांना सुरक्षित द्रावण करता येत होते आणि अतिसाराच्या सुमारे ६० टक्के प्रसंगी तोंडावाटे द्रव देण्याचा उपचार केला जात होता. मात्र 'डायरिया'त त्याचा वापर सर्वाधिक आणि 'दुध हागा'त सर्वांत कमी, हा फरक तेव्हाही शिल्लक होता. शब्दाची अडचण ओळखली म्हणून ती लगेच सुटली असे झाले नाही. चौधरी आणि कॅश यांनी १९९६ साली या साऱ्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यात यशाबरोबर हे अपुरेपणही नोंदवले.

मातांना कृती येऊ लागल्यावर पाकिटांचीही मागणी वाढली. ज्या स्त्रीला द्रावण कशासाठी ते कळले होते, तिला दुकानातील पाकीट काय आहे हे समजावून सांगावे लागले नाही. दोन्ही मार्ग असे शेवटी एकत्र आले. लसीकरणाच्या बाबतीतही या जाळ्याचा उपयोग झाला. १९८५ च्या सुमारास नगण्य असलेले बांगलादेशातील लसीकरण सरकार, ब्रॅक आणि अन्य संस्थांच्या सहकार्याने १९९० पर्यंत अर्ध्याहून अधिक बालकांपर्यंत पोहोचले. पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण १९९० साली हजार जन्मांमागे १४० हून अधिक होते. २०२० पर्यंत ते ३० च्या आसपास आले. या घटीचे श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही. मुलींचे शिक्षण, कुटुंबनियोजन, लसी, अन्न, रस्ते या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण अतिसार हा बालमृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होता, हे लक्षात घेता मीठ-गुळाचा वाटा लहान म्हणता येत नाही.

शिक्षणाशी याचा आणखी एक धागा जुळतो. आबेद सांगत असत, की द्रावण शिकलेल्या माता विचारू लागल्या, आम्हांला हे शिकवलेत, आमच्या मुलांचे काय? १९८५ साली ब्रॅकने २२ एकखोली शाळा काढल्या. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी असलेला हा उपक्रम पुढे जगातील सर्वांत मोठ्या अनौपचारिक शिक्षणव्यवस्थांपैकी एक बनला.

भारतातील एक दाखला

असाच धडा भारतातही मिळाला, मात्र उशिरा आणि मोठी किंमत देऊन. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. पश्चिम उत्तर प्रदेशातील गरीब मुस्लिम वस्त्यांत लागण तुलनेने अधिक होती. थेंबांमुळे मुले पुढे निर्वंश होतील अशी अफवा होती. त्याहून मोठा प्रश्न वस्तीतील लोक उघड विचारत होते : गटार नाही, पाणी नाही, दवाखाना नाही, मग फक्त हे थेंब घेऊनच सरकार वारंवार दारात का येते? या प्रश्नाला अज्ञान म्हणणे सोपे होते. पण तो प्रश्न खरा होता.

उपाय हळूहळू सापडला. २००१ पासून युनिसेफच्या साहाय्याने त्याच मोहल्ल्यांतील स्त्रियांना समन्वयक म्हणून घेतले गेले. मशिदींतून आवाहन झाले, उलेमांनी पाठिंबा दिला, आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया व जामिया हमदर्द या शिक्षणसंस्था कामात उतरल्या. २००९ पासून उत्तर प्रदेश आणि बिहारमधील १०७ अतिजोखमीच्या गटांत थेंबांसोबत स्वच्छता, हात धुणे, स्तनपान, झिंक आणि जलसंजीवनी यांचाही समावेश झाला. म्हणजे लोकांच्या प्रश्नाला निदान अंशतः उत्तर मिळाले. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. शंका घेणाऱ्याला विरोधक न मानता त्याचे म्हणणे ऐकले, तेव्हा ही मोहीम पुढे सरकली.

महाविद्यालयांचे काम

अतिसाराचा प्रश्न भारतात संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) अतिसार झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्के बालकांना जलसंजीवनी मिळाली आणि ३०.५ टक्के बालकांना झिंक मिळाले. म्हणजे दर दहांपैकी चार बालके अजून या साध्या उपायापासून वंचित आहेत. पाकीट आज आरोग्य केंद्रात आणि औषधाच्या दुकानात मिळते. आशा कार्यकर्ती ते घरी देऊ शकते. त्यामुळे आता पहिली निवड पाकिटाचीच. ते एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण रिकामे करावे, थोडे थोडे करून पाजावे आणि चोवीस तासांत उरलेले टाकून द्यावे. सोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे. सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बालकाला १० मिलिग्रॅम. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न चालू ठेवावे. बालक सुस्त झाले, पिणे बंद झाले किंवा शौचातून रक्त पडले तर दवाखान्यात न्यावे. बाजारातील गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२५ साली भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्यास मनाई केली, हे ग्राहकांना सांगण्यासारखे आहे.

आपल्या वस्त्यांतील महाविद्यालये येथे काय करू शकतात? पहिले काम शब्दांचे. बेळगाव, हैदराबाद, वडोदरा, इंदूर किंवा गोवा येथील एकाच वर्गात मराठी, दखनी, उर्दू, कन्नड, कोंकणी, गुजराती बोलणारी मुले-मुली बसतात. पाठ्यपुस्तकात मराठीला 'अतिसार' आणि उर्दूला 'इसहाल' असतो. घरात हगवण, ढाळ, जुलाब, दस्त, पेचिश, आव, हैजा असे शब्द असतात. 'जुलाबाचे औषध' म्हटले की कोणाला जुलाब थांबवणारे समजते, कोणाला रेच देणारे. दात येताना होणारे जुलाब तर अनेक घरांत आजार मानलेच जात नाहीत आणि तेथेच बालकाला काही दिले जात नाही. बांगलादेशातील 'दुध हागा'ची हीच गत होती. आपल्या मोहल्ल्यात कोणता शब्द कशासाठी वापरतात आणि त्यांपैकी कोणत्या प्रकारात जलसंजीवनी दिली जाते, एवढी पाहणी भाषा विभागाचे विद्यार्थी एका सत्रात करू शकतील. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि आशा कार्यकर्तीला तिचा थेट उपयोग होईल.

दुसरे काम तपासणीचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जलसंजीवनीचे प्रात्यक्षिक बहुधा होते, त्याचे छायाचित्रही निघते. महिन्याने त्याच वस्तीतील दहा-बारा घरांत जाऊन मातेला द्रावण करून दाखवायला सांगावे आणि मागच्या वेळी बाळ आजारी पडले तेव्हा काय दिले ते विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर ते अहवालात तसेच लिहावे आणि पुढील शिबिराची रीत बदलावी. या कामाला खर्च जवळजवळ नाही; मनाची तयारी लागते.

तिसरे काम पुरुषांचे. सभा स्त्रियांची आणि निर्णय पुरुषांचा, ही स्थिती आपल्याकडेही आहे. जुम्याच्या नमाजनंतरचे पाच मिनिटांचे निवेदन, मोहल्ला कमिटीची बैठक, पालक सभा या जागा तयार आहेत. तेथे बोलणाऱ्याने आधी आपल्या घरात हा उपाय वापरलेला असावा. ब्रॅकच्या शिक्षिकांना जे रुग्णालयात दाखवावे लागले, ते आपल्या विद्यार्थ्यांनाही पटलेले असावे लागेल.

या तिन्ही कामांना मोठा निधी किंवा वरून आदेश लागत नाही. विभागप्रमुखाने सत्राच्या आराखड्यात ती घालावीत, आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे, आणि पावसाळ्यापूर्वी, म्हणजे अतिसाराचे दिवस सुरू होण्यापूर्वी, पहिली पाहणी पूर्ण करावी.